चौकटीतली दुसरी

भिमाबाई ढेबे आयुष्यात कधी रांगेत उभी राहिली नव्हती, ती रेशनच्या दुकानात तरी कशाला राहील? वरच्या माळावरनं काठी टेकत उतरली, ओट्यावर चढली आणि सरळ स्वरूपच्या टेबलापुढची खुर्ची ओढून बसली. रांगेतल्या एकानं "आज्जी, नंबर..." म्हणायला तोंड उघडलं. तिनं नुसतं वळून बघितलं. उघडलेलं तोंड मिटलं.

"कर बाबा तुझं काय ते," ती स्वरूपला म्हणाली. "म्या जित्ती हाय का न्हाई, इचार तुझ्या डबड्याला. माझं मत इचारशील, तर हाय."

स्वरूप हा दुकानदाराचा पुतण्या. दुकानातच एका कोपऱ्यात त्यानं ऑनलाईनचं सेंटर टाकलं होतं. कार्डावरच्या प्रत्येक माणसानं महिनाअखेरच्या आत यंत्रापुढं येऊन ओळख पटवून द्यायची, नाहीतर नाव कटणार, असं वरनं आलं होतं. नाव कटायची भीती गरिबाला वाटते तशी मानी माणसालाही वाटते. भिमाबाईचं म्हणणं एवढंच, की ज्या घराच्या चुलीत तिनं उभी हयात घातली, त्या घराच्या कार्डावरनं तिला काढणारं अजून कुणी जन्माला यायचंय.

स्वरूपनं नाव वाचलं. "सगुणाबाई कोंडिबा ढेबे."

"हूं," ती म्हणाली.

वस्तीवर ती भिमाबाई आणि कागदावर सगुणाबाई. असं का, हे विचारायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती.

अंगठा काही लागेना. शेणात, नाचणीच्या चिखलात आणि चुलीतल्या राखेत गेलेला अंगठा तो, त्यावर रेघा राहतील कुठल्या? स्वरूप म्हणाला, "आज्जी, ऱ्हाऊ द्या. तोंडानं करू."

"तोंडानं म्हणशील ते करंन."

रांग हसली. स्वरूपनं मोबाईल तिच्यासमोर धरला. "हिकडं बघा. आता डोळं मिचकवा."

"बघा गं बायांनो! दात पडलं, आन् आता परक्या पोराफुडं डोळं मिचकवायची येळ आली."

तिनं डोळे मिचकावले. मोबाईलमधनं बाईचा आवाज आला, शाळेतल्या मास्तरणीसारखा स्वच्छ: "चौकटीत एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. कृपया एकाच व्यक्तीने समोर यावे."

स्वरूपनं मान वर केली. "ए, आज्जीच्या मागं कोण हाय? सरका बरं."

मागं कुणी नव्हतं. पांढऱ्या चुन्याची कोरी भिंत होती.

त्यानं खुर्ची हलवायला लावली, दार ओढून घेतलं, दिवा लावला, स्वतःचा दुसरा मोबाईल काढून मागच्या फळीवर टेकवला. मोबाईल पुन्हा तेच बोलला. एकापेक्षा जास्त चेहरे. आता रांगेत कुणी हसत नव्हतं. पुढची बाई आपल्या लेकराचा हात धरून दोन पावलं मागं सरकली.

भिमाबाईनं सरकलेला पदर ओढून घेतला; तिचा हात त्याखाली छातीवर गेला आणि तिथंच राहिला. ती उठली. "तुझ्यावानीच खुळं हाय तुझं यंत्र," म्हणाली आणि ओटा उतरली. पण माळाची चढण चढताना त्या दिवशी ती वाटेत बसली. ती कधी बसत नसे.

दुसरा चेहरा कुणाचा, हे तिला तिथंच कळलं होतं.

सगुणा ही कोंडिबाची पहिली बायको. पहिलटकरीण होती. भर पावसाळ्यात कळा सुरू झाल्या, तेव्हा माणसांनी डोली खांद्यावर घेतली आणि पानशेतच्या पाण्याच्या कडेकडेनं खाली निघाली. करवंदीच्या जाळीपाशी डोली जरा टेकवली. पुन्हा उचलली ती घराच्या दिशेनं. तिच्याबरोबर लेकरूही पोटातच गेलं.

वर्षाच्या आत कोंडिबानं भोंगवलीची भिमा केली. लग्नात मंगळसूत्राच्या आधी सासूनं भिमाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घातला. जुन्या रुपयाएवढा, आणि त्यावर ठोकून उठवलेला बाईचा चेहरा. टपोरे डोळे, नाकात नथ, मिटलेले ओठ. "ही तुझी थोरली," सासू म्हणाली. "आधी तिला, मग तुला. गळ्यातनं काढू नगंस. हितं हाय तंवर घरात फिरत न्हाई."

दुसरेपणावर दिलेल्या बाईला हे चुकत नाही. भिमानं सगळं पाळलं. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं. सणाचा घास आधी टाकापुढं. दोरा कुजला तर नवा दोरा गळ्यात घालून, त्यात टाक ओवून मग जुना कापायचा, म्हणजे क्षणभरही ती अधांतरी राहायला नको. रोज सकाळी आधी तिला कुंकू, मग आपल्या कपाळाला.

कोंडिबा गेला तेव्हा भिमाबाईचं कपाळ पांढरं झालं. पण सगुणा अहेवपणी गेलेली, तिला कसलं रंडकेपण? तेव्हापासून भिमाबाई रोज सकाळी स्वतःच्या पांढऱ्या कपाळानं सवतीला कुंकू लावत होती. हे दुःख तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

नावाचंही तसंच. सासूनं कार्डावरचं सगुणाचं नाव कधी खोडू दिलं नाही. "बाई गेली तरी बाईची जागा हाय," म्हणायची. पुढं आधारचा कॅम्प आला तेव्हा कोंडिबा म्हणाला, कार्डावर हाय तेच सांग, उगा घोळ नको. भिमाबाई भांडू शकली असती. भांडली नाही, कारण तोवर तिनं मनाशी एक सौदा केला होता. नाव तुझं राहू दे. घर माझं. आणि सौदा फळलाही. पोरं जगली, म्हशी दर साल व्यायल्या. मुलगा बंडू पुण्यात दुधाच्या धंद्याला लागला. नातू रोहिदास जीपनं पानशेतच्या हॉटेलांना खवा पोचवतो. त्याची बायको शिवानी भोरची, कॉलेज शिकलेली. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. दिवस भरत आले होते.

तिचंच भिमाबाईला भय. पहिलटकरीण, हाच माळ, हीच वाट. टाकातली टाकात राहिली पाहिजे.

आणि आता यंत्र म्हणत होतं, ती बाहेर दिसते.

दोन दिवसांनी शेजारची रतनबाई आली ती मोबाईल अंगापासून लांब धरून, मेलेला उंदीर धरावा तसा. "भिमे, ह्यात तू हायस."

मोबाईलमध्ये ती होती. खुर्चीवर, पांढऱ्या भिंतीपुढं. डोळे मिचकावणारी. वर लिहिलेलं रतनबाईच्या नातीनं वाचून दाखवलं: "वेल्ह्याच्या म्हातारीच्या मागे कोण?" खाली भुताच्या पिक्चरमधलं संगीत. आणि कोपऱ्यात स्वरूपच्या कॉम्प्युटरचा पडदा, त्यावर सगुणाबाई कोंडिबा ढेबे हे नाव आणि रोहिदासचा नंबर, दोन्ही ठसठशीत.

त्या आठवड्यात माळावर माणसं यायला लागली. कुणी तांब्याभर पाणी मागायच्या निमित्तानं, कुणी म्हैस बघायला. पानशेतला फिरायला आलेली पुण्याची पोरंपोरी तर "ती आजी कुठं राहते?" विचारत दारापर्यंत आली. भिमाबाईनं त्यांना कुत्रं सोडून खाली पोचवलं. पण गावातल्या म्हाताऱ्या बायकांना कुत्रं कसं सोडणार? त्या ओसरीवर टेकून हळूच उकरायच्या. "कोंडिबाची थोरली होती ना गं पहिली? काय बाई तिचं नाव?" जे पदराखाली झाकून तिनं उभा जन्म काढला, ते आता चुलीचुलीवर शिजत होतं.

आणि फोन यायला लागले. रोहिदासचा जुना मोबाईल घरातच असायचा. एका दुपारी शिवानी पाण्याला गेलेली, तो वाजला. भिमाबाईनं हिरवं बटण दाबलं.

"आपण सगुणाबाई ढेबे बोलत आहात का?" गोड आवाजाची बाई. "आपली ओळख पटवण्यासाठी फक्त हो म्हणा."

भिमाबाईनं मोबाईल दोन्ही हातांनी धरला. मेली म्हणावं, तर नाव कटायचं. नाही म्हणावं, तर आपण कोण? ओसरीवर लख्ख ऊन पडलेलं, कोंबड्या माती उकरत होत्या, आणि तिच्या तोंडून उभ्या आयुष्यात पहिल्यांदा निघालं, "व्हय. सगुणाच बोलती."

मागं शिवानी घागर घेऊन उभी होती. तिनं झटक्यानं फोन काढून घेतला आणि बंद केला. "आजी! अनोळखी माणसाला असं हो म्हणत जाऊ नका. चोर असतात ते. आपला आवाज, नाव, नंबर सगळं गोळा करतात."

"माझं न्हाई केलं गोळा," भिमाबाई म्हणाली. "तिचं केलं."

शिवानीनं घागर खाली ठेवली. सासरी आल्यापासून तिनं तो काळा दोरा पाहिला होता, कधी विचारलं नव्हतं. आता ती जवळ येऊन बसली. "आजी, मला वाटतं मला कळलंय काय झालं ते. पदर सारता का जरा?" तिनं आपला मोबाईल भिमाबाईपुढं धरला. पडद्यावर भिमाबाईच्या तोंडाभोवती पिवळा चौकोन उमटला. आणि खाली, छातीवर, टाकाभोवती दुसरा. लहान. हलत होता, टाकाबरोबर वरखाली होत होता. "बघा. ह्याला कुठंही डोळे-नाक दिसलं की चेहराच वाटतो. कॅलेंडरवरच्या देवालाही करतो असा चौकोन. भूतबीत काही नाही."

तिनं हे भीती घालवायला सांगितलं. भिमाबाई त्या लहान चौकोनाकडं बघत राहिली. आजवर तिचा धाक होता, पण पुरावा नव्हता. सासूचं सांगणं, आपलं मानणं, एवढंच. आता परक्या मुलखात बनलेल्या वस्तूनं, जिला सासूबाई ठाऊक नाहीत की सवत ठाऊक नाही, तिनंही त्या चांदीत बाई आहे म्हणून सांगितलं.

"मंजी त्याला बी दिसती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात गेली. आधी हिशेब स्वरूपचा.

"का रं, माझं त्वांड तू कुणाला इचारून वाटलंस? बारशाच्या घुगऱ्या व्हत्या व्हय?"

"आज्जी, त्या दिसाचं शूटिंग म्या फकस्त मित्रांच्या ग्रुपवर टाकलं हुतं. चूक झाली. डिलीट बी केलंय."

"गावच्या हिरीत थुकलास आन् आता त्वांड पुसून दावतूस? तुझ्याफुडं माणसं अंगठं ठिवत्यात, नावं सांगत्यात, न्हाणीतल्या बाईगत उघडी बसत्यात. तू दार धरायचंस. तू गाव बोलावलंस."

स्वरूप खाली मान घालून उभा राहिला.

"आता कर फिरून," ती म्हणाली. ह्या वेळी तिनं टाक पोलक्याच्या आत सारला होता. तिनं मोबाईलकडं बघितलं, डोळे मिचकावले. मास्तरणीचा आवाज आला: "चेहरा जुळत नाही."

पुन्हा. चेहरा जुळत नाही.

स्वरूप चाचरत म्हणाला, "आज्जी, आधारवरला फोटू जुना हाय. तवा तुमचं कुंकू हुतं, दात हुतं. भोरला जाऊन नवा फोटू काढावा लागंल."

त्यानं सांगितलं ते खरंच होतं. पण भिमाबाईनं आपलंच गणित मांडलं. टाक दिसला की दोघी. टाक झाकला की एकही नाही. म्हणजे आपण तिच्याशिवाय कुणीच नाही? घर आपण राखलं, म्हशी आपण पोसल्या, नवऱ्याचं आजारपण आपण काढलं, आणि यंत्रापुढं आपलं तोंडसुद्धा तिच्या परवानगीनं? चढण चढताना रागानं तिचं डोकं भणभणत होतं. भीती होतीच, पण राग भीतीच्या खांद्यावर चढून बसला होता.

शिवानीला भोरला डॉक्टरकडं दाखवायचंच होतं. रोहिदासनं दोघींना जीपमधनं नेलं. दवाखाना झाल्यावर आधारच्या केंद्रात गेल्या. टेबलामागं स्नेहल नावाची हसरी मुलगी होती. तिनं बुबुळं टिपली, बोटं टिपली, मग म्हणाली, "आजी, आता फोटो. इकडं बघा. गळ्यातलं जरा पदराआड घ्या."

"आत सरकवा, आजी," शिवानी म्हणाली. "तेवढं पुरे."

तेवढं पुरलं असतं. भिमाबाईला ते माहीत होतं. पण तिच्या मनात आलं, नाव तिचं आहे ते आहे, तोंड तरी एकदा निव्वळ माझं निघू दे. तिनं दोन्ही हात मानेमागं नेले, दोरा डोक्यावरनं ओढून काढला आणि टाक स्नेहलच्या टेबलावर ठेवला. टक्‌ असा बारीक आवाज झाला.

मान अशी हलकी झाली की ती दचकली. लग्नाआधी, भोंगवलीच्या शेतात पाखरं राखताना होती तशी हलकी. तिला हसू आलं. फोटोत ती दात नसलेल्या तोंडानं हसतेय.

"झकास," स्नेहल म्हणाली.

भिमाबाईनं हात पुढं केला तर टेबलावर टाक नव्हता. तिनं वळून बघितलं. शेजारच्या खुर्चीत शिवानी बसली होती, आणि तिची मिटलेली मूठ तिच्या पोटावर होती. मुठीतनं काळा दोरा लोंबत होता.

"घरंगळत होता, आजी. पडेल म्हणून घेतला."

"दे," भिमाबाई म्हणाली. "दे आधी."

तिनं टाक पुन्हा गळ्यात घातला. जीप भोरातनं निघाली, नसरापूर मागं पडलं, वेल्ह्याचे डोंगर दिसायला लागले. अंगावरची चांदी अंगाएवढी ऊबदार असते, इतकी की आहे हे विसरायला होतं. त्या दिवशी ती थंडच राहिली. रात्री अंथरुणातही थंड. सकाळी कुंकू लावताना बोटाला जाणवावं इतकी थंड. भिमाबाई कुणाला काही बोलली नाही. फक्त शिवानीला नजरेआड होऊ देईना. ती गोठ्यात गेली की ही मागं. "आजी, मी काय पळून चाललेय का?" शिवानी हसायची. "तू न्हाई गं," भिमाबाई म्हणायची.

नवा फोटो लागल्याचा निरोप मोबाईलवर आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वरूप स्वतः माळावर चढून आला. दुपार होती. भिमाबाईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला नाही.

"बसा आज्जी, हितंच करू. टाक आत घ्या तेवढा, शिवानी वयनी म्हणाल्या त्यानंच दोन दिसत्यात."

भिमाबाईनं टाक आत घेतला नाही. पदर बाजूला करून त्याला छातीवर मधोमध ठेवला, सरळ केला. तिला यंत्राकडनं काय ऐकायचं होतं ते तिलाच ठाऊक. दोन म्हण. बाबा, दोन म्हण.

मोबाईलनं तिच्याकडं बघितलं. तिनं डोळे मिचकावले.

"सगुणाबाई कोंडिबा ढेबे, आपली ओळख पटली आहे. धन्यवाद."

"झालं!" स्वरूप उडालाच. "बगा, यकाच दणक्यात. टाक भाईर असून बी. आता यकच त्वांड दिसतंय त्याला."

"एकच?"

"यकच. आता कुणाची टाप न्हाई तुमचं नाव काढायची."

भिमाबाईनं टाक हातात घेऊन उन्हात धरला. डोळे होते, नथ होती. पण तिला सासूबाईंनी दिला तेव्हा त्यात जे होतं, ते नव्हतं. रिकाम्या घरट्यासारखी चांदी.

तेवढ्यात आत माजघरात भांडं पडलं, आणि शिवानी ओरडली.

रोहिदासनं जीप दाराशी लावेपर्यंत रतनबाई आली, शिवानीला दोघींनी धरून मागच्या बाकावर आडवी केली. रतनबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. भिमाबाई समोरच्या बाकावर चढली, पार कडेला सरकली आणि शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवली. स्वरूप मदतीला म्हणून चढायला गेला. "म्या बसू का आज्जी हितं?"

"हितं न्हाई."

"जागा हाय की."

"हाय. पर तुझ्यासाटी न्हाई. उतर खाली."

जीप उतरणीला लागली. डाव्या हाताला पानशेतचं पाणी, त्यावर दुपारचं ऊन. शिवानीचं तोंड घामानं भिजलेलं, ओठ पांढरे. भिमाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग शेजारच्या मोकळ्या बाकाकडं. सासूनं सांगून सांगून थकावं, नवऱ्यानं विनवावं, तरी जो शब्द तिच्या मानी जिभेनं कधी उच्चारला नव्हता, तो आता ती बोलली.

"अक्का."

रतनबाईनं चमकून वर बघितलं.

"अक्का, हिकडं ये. हितं बस माझ्यापाशी. तिच्या अंगावर रेलू नगंस, पोर हाय ती, तिला सोसायचं न्हाई." तिनं बाकावर हात फिरवला, धूळ झटकावी तसा. "रागावलीस. रागावशीलच. भर बाजारात तुला टेबलावर ठिवली म्या. मिजास केली. त्याच्या आधी बी केली. तुला कुकू लावलं, पर कदी तुझ्याशी बोलली न्हाई. घरात दोन बाया, आन् एकीनं दुसरीशी चकार शब्द काढू नये. कसं दिस कंठलं असशील!"

"भिमे, कुणाशी बोलतीस गं?" रतनबाई म्हणाली.

"तू पोरीला धर."

करवंदीच्या जाळीचं वळण आलं. रोहिदासनं गाडी हळू केली, वाट तिथं धुपलेली होती. शिवानी एकदम ताठ झाली. "आजी, पाय... पाय ओढतंय कुणीतरी!"

भिमाबाई पुढं झुकली. शिवानीच्या पायाला हात न लावता त्याच्या शेजारच्या हवेत तिनं हात पुढं केला, एखाद्या बाईचं मनगट धरावं तसा. "सोड अक्का. हितं उतरायचं न्हाई. हितं तुला ठिवली आन् मागं फिरवली, ठावं हाय मला. आज कुणी मागं फिरत न्हाई. आज म्या तुला फुडं न्हेती. दवाखान्यापोत्तर. बस."

गाडी वळण पार झाली. शिवानीचा पाय सैल पडला, तिनं मोठा श्वास घेतला. रोहिदासनं गाडी पळवली.

तिथनं पुढं भिमाबाई बोलतच राहिली. तिला एक नक्की कळत होतं, बाई बोलण्यात गुंतली की कुणाला ओढायला तिचे हात रिकामे राहत नाहीत. तिनं सगुणाला सगळं सांगायला घेतलं. कोंडिबा म्हातारपणी कसा चिडका झाला होता. सासूबाईंनी मरताना काय मागितलं. बंडू लहानपणी म्हशीवर झोपायचा ते. ढवळी म्हैस ज्या साली गेली, ते साल कसं काढलं. जे तिनं कधी रतनबाईला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं, ते ती मोकळ्या बाकाला सांगत होती, मधेच हसत होती, मधेच "व्हय ना, अक्का?" म्हणून थांबून ऐकत होती.

वेल्ह्याच्या दवाखान्यात शिवानीला चाकाच्या खाटेवरनं आत नेलं. दार लागलं. रोहिदास भिंतीला टेकून उभा राहिला, रतनबाई देवाचं नाव घेत बसली. भिमाबाई बाहेरच्या बाकावर बसली, पुन्हा कडेला सरकून. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघायच्या आणि लांबनं जायच्या. कुणीतरी मोबाईल वर धरला. तिनं बघितलं, पण तिला आता राग काढायला सवड नव्हती.

"तर अक्का," ती म्हणाली, "माझं खरं नाव तुला ठावं हाय का? कागदावर तुझंच मिरवलं म्या जलमभर. आमच्या भोंगवलीला नदीच्या कडंला आमचं श्यात हुतं..."

दाराआड लेकरू रडलं. बारीक, मग मोठ्यानं. रोहिदास दाराकडं धावला. रतनबाई उठली, "भिमे! ऐकलंस का गं, झालं!"

भिमाबाईच्या डोळ्यांतनं पाणी गालावर उतरलं, पण तिनं मान वळवली नाही, उठलीही नाही. मोकळ्या जागेवरचा हात तिनं उचलला नाही.

"...श्यातात जोंधळा असायचा," ती सांगत राहिली, "आन् पाखरं राखायला मला बसवायचे. बस गं, जाऊ नगंस, अजून लई सांगायचंय."